चार गाड्या पलीकडे

गाडी चालवायला शिकायला वस्तादांना महिनाभर लागला होता. मागच्या सीटवर बसायला शिकायला मात्र त्यांना काही वर्षं लागली.

आयुष्यभर घाटात बस चालवलेला माणूस. डेपोत त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, एरवी सगळे वस्तादच म्हणायचे. धुकं असो, दरड कोसळलेली असो, ब्रेक तापून वास मारत असोत, वस्तादांची बस उशिरा का होईना, यायचीच. मग एका सकाळी दाढी करताना डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरला आणि तो पुन्हा काही वर गेला नाही. उजव्या डोळ्याने साथ सोडली नाही, पण तीही अर्धीमुर्धी. समोर माणूस आहे एवढं दिसायचं, तो हसतोय की रडतोय ते दिसायचं नाही. लायसन्स गेलं, स्टिअरिंग गेलं आणि वस्ताद घरात खिडकीपाशी बसून खालून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून कोणाचा क्लच गेलाय ते सांगायला लागले.

त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, शाळांचे गणवेश शिवायची. तिने दोन वर्षं हे ऐकून घेतलं. मग एक दिवस तिने मशीनवरून मान वर न करता विचारलं, "तुमची मोटरसायकल आवरणाखाली किती दिवस झोपवणार आहात?"

"विकू म्हणतेस?"

"चालवू म्हणते."

वस्ताद हसले. काकू हसल्या नाहीत. तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती आणि आयुष्यात सायकलसुद्धा त्यांनी धड चालवली नव्हती. पहिल्या दिवशी डेपोमागच्या मैदानात त्या पडल्या. दुसऱ्या दिवशीही पडल्या. तिसऱ्या दिवशी पडल्या नाहीत, कारण ओरडून ओरडून वस्तादांचा घसा बसला होता आणि ते घरीच होते.

पुढे काकू शाळांमध्ये गणवेश पोचवायला मोटरसायकलवरूनच जायला लागल्या. मागे कपड्यांचे गठ्ठे नसले की वस्ताद असायचे. सुरुवातीला वस्तादांना फार लाज वाटायची. ते घरातूनच हेल्मेट घालून निघायचे, जिना उतरतानाही काढायचे नाहीत. कोणी ओळखू नये एवढाच हेतू. पण अख्ख्या गल्लीत हेल्मेट घालून जिना उतरणारा माणूस एकच होता, त्यामुळे सगळ्यांनीच ओळखलं. डेपोतले जुने सोबती म्हणायचे, "काय वस्ताद, कंडक्टर झालात म्हणे!" वस्ताद वरवर हसून घ्यायचे, पण मागे बसून त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतच राहायचा. हळूहळू तोही थांबला.

काकूंनी परदेशात गाडी चालवायचं कुठून काढलं, हे वस्तादांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. लेक नोकरीसाठी परदेशी गेली होती. तिने दोघांना बोलावलं आणि विचारलं, "आई, तुला इथे काय बघायचंय?" लेकीची अपेक्षा होती की आई बाग म्हणेल, बाजार म्हणेल, फार तर समुद्र म्हणेल.

"घाट," काकू म्हणाल्या. "यांनी आयुष्यभर घाट चालवला. मी घरी बसून बस आली का ते ऐकत राहिले. मला एक चांगला कच्चा घाट चालवून बघायचाय."

लेकीने कपाळाला हात लावला. पण मुलगी वडिलांवर गेली असली तरी हट्ट कोणाचा पुरवायचा हे तिला ठाऊक होतं. डोंगरात मोटरसायकलींच्या सहली काढणारा एक आपल्याकडचाच तरुण तिने शोधून काढला. दाढीवाला, किरकोळ अंगाचा, तिथेच स्थायिक झालेला. त्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तानने काकूंना आधी शहराबाहेरच्या खडीच्या रस्त्यावर दिवसभर चालवून पाहिलं आणि संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं, "काकूंची काळजी नाही. काकांना मात्र मागे बसून वळणं मोजायची सवय आहे, ती जरा कमी करायला सांगा."

अशी चार गाड्यांची टोळी निघाली. सगळ्यात पुढे कप्तान, स्वतःच्या उंच, दणकट गाडीवर. त्याच्या मागे भाड्याच्या गाडीवर काकू आणि वस्ताद. त्यांच्या मागे दातांचे एक डॉक्टर आणि डॉक्टरांचा मेहुणा, तेही भाड्याच्याच गाड्यांवर. हे दोघे आपल्याकडूनच खास या सहलीसाठी आले होते आणि विमानात बसल्यापासून भांडत होते. डॉक्टर म्हणायचे डावीकडे वळू, तर मेहुणा म्हणायचा उजवीकडे. आणि रस्ता बहुतेक वेळा सरळच असायचा. जड सामान घेऊन एक टेम्पो लांबच्या डांबरी रस्त्याने निघाला होता. तो चौथ्या दिवशी खिंडीपलीकडच्या गावात भेटणार होता.

पहिले दोन दिवस रस्ता म्हणायला रस्ता होता. तिसऱ्या दिवशी डांबर संपलं, मग खडी संपली आणि मग उरले फक्त दगड. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वस्तादांना ते 'काहीच नाही' दिसत नव्हतं, पण कळत होतं. दरी असलेल्या बाजूने इंजिनाचा आवाज परत येत नाही, कड्याच्या बाजूने येतो. त्या आवाजावरून त्यांना गाडी कड्यापासून किती अंतरावर आहे ते समजायचं आणि काकू ते अंतर ज्या सफाईने राखत होत्या, त्याचं त्यांना नवल वाटत होतं. वळणाआधी गिअर खाली, वळणात रेस स्थिर, वळण संपता संपता हलकेच वर. कुठे धसमुसळेपणा नाही. शिवणीची टीप घालावी तशी गाडी चालली होती.

"थकलीस का?" त्यांनी एकदा विचारलं.

"तुम्ही थकलात का? मागे बसून जास्त हाडं खिळखिळी होतात."

"माझी हाडं बसने आधीच खिळखिळी केलीत. आता काही शिल्लक नाही."

खिंड चढून वर गेले तेव्हा सगळ्यांनी गाड्या थांबवल्या. वारा इतका गार होता की बोलायला तोंड उघडलं की दात वाजायचे. मेहुण्याने फोटो काढले. काकूंनी हातमोजे काढून हात काखेत घातले आणि खालच्या रस्त्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"कसा आहे?" वस्तादांनी विचारलं.

"लांबच लांब. कोणीतरी डोंगरावर दोरी टाकून दिल्यासारखा." मग त्या म्हणाल्या, "रोज असल्यातून बस आणायचात होय?"

"एवढा वाईट नव्हता आमचा," वस्ताद म्हणाले.

खिंडीपलीकडे उतारावर डॉक्टरांचं चाक पंक्चर झालं. ते काढून, ट्यूब बदलून, पुन्हा बसवण्यात वेळ गेला. त्यातला अर्धा वेळ पान्हा कोणी धरायचा यावरून डॉक्टर आणि मेहुण्याच्या वादात गेला. कप्तान सारखा वर डोंगराकडे पाहत होता. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की खाली एक मोठा ओढा रस्ता ओलांडून जातो आणि तो दुपारच्या आत पार करायला हवा. वरचा बर्फ उन्हाने वितळतो, म्हणून दिवस चढतो तसं पाणीही चढतं.

ते ओढ्यावर पोचले तेव्हा पाणी चढलेलं होतं.

वस्तादांना आधी तो ऐकू आला. लांबून वाऱ्यासारखा, जवळ आल्यावर कारखान्यासारखा. पाणी राखाडी, गढूळ होतं, तळाचे दगड दिसत नव्हते. थोडं वर एक झुलता लाकडी पूल होता, पण तो माणसांपुरता आणि शेळ्यांपुरता. दोन्हीकडे पायऱ्या होत्या आणि रुंदी एवढीच की समोरून कोणी आलं तर एकाने मागे सरकावं. माणसं जाऊ शकत होती, गाड्यांना पाण्यातूनच जावं लागणार होतं.

"मी आत उतरून बघतो," कप्तान म्हणाला आणि काठी घेऊन पाण्यात शिरला. मधोमध पोचला, काठी टेकवली, दोन पावलं पुढे टाकली आणि एकदम खाली बसला. दोन दगडांच्या फटीत त्याचा पाय अडकून पिळला होता. डॉक्टर आणि मेहुण्याने आत जाऊन त्याला ओढून काठावर आणलं. बूट काढला तेव्हा घोटा डोळ्यांदेखत फुगत होता.

"मी दातांचा डॉक्टर आहे," डॉक्टर म्हणाले, "पण हाड मोडलेलं नाही एवढं सांगतो. मुरगळलाय जबरदस्त. गिअरवर हा पाय ठेवता येणार नाही."

सगळ्यांनी मागे-पुढे पाहिलं. मागे परत खिंड, तीही अंगावर येणाऱ्या थंडीत. समोर ओढा. इथे थांबायची सोय नव्हती. ते उभे होते तिथे वरचा कडा भुसभुशीत होता आणि अधूनमधून एखादा दगड घरंगळत येऊन रस्त्यावर थांबत होता. पलीकडे मात्र मोकळं गवत होतं, मेंढपाळांची एक झोपडी होती आणि तासाभरावर गाव होतं.

"मी नेतो सगळ्यांच्या गाड्या," मेहुणा म्हणाला.

"तू?" डॉक्टर म्हणाले. "तू घरासमोरच्या डबक्यात पडलायस."

"ते डबकं खोल होतं!"

"मलाही नाही जमणार," डॉक्टर सरळ म्हणाले. "मी खोटं कशाला बोलू? माझे पाय आत्ताच लटपटतायत."

काकू एवढा वेळ पाण्याकडे पाहत उभ्या होत्या. आता त्यांनी कप्तानच्या हातातली काठी घेतली, सलवारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि काहीही न सांगता पाण्यात उतरल्या.

"काकू!" कप्तान ओरडला.

"पायांनी तळ बघून ठेवतेय, गाडी नाही नेत अजून," त्या पाण्यातून म्हणाल्या.

त्या सरळ गेल्या नाहीत. आधी प्रवाहाच्या वरच्या बाजूला, मग तिरक्या खाली, मग पुन्हा सरळ. जिथे कप्तान अडकला होता ती जागा त्यांनी काठीने चाचपून सोडून दिली. पलीकडे जाऊन त्याच वाटेने परत आल्या. पाणी मांड्यांना लागलं होतं आणि ओठ निळे पडले होते.

"वाट आहे," त्या म्हणाल्या. "कापड बेतताना आडवा धागा आणि उभा धागा बघावा लागतो, तसं आहे. सरळ कापायला गेलं की फाटतं. तिरकं गेलं पाहिजे."

मग त्या वस्तादांपाशी आल्या. "अहो, एक मागणं आहे."

"माग."

"मी पाण्यात असताना एक शब्दसुद्धा बोलायचा नाही. मला माहीत आहे तुम्हाला सगळं कळतं. पण बोलायचं नाही."

वस्तादांच्या जिभेवर तेव्हाच निदान दहा सूचना तयार होत्या. पहिल्या गिअरातच ठेव. क्लचला सारखा हात लावू नको. पुढच्या चाकाकडे बघू नको, पलीकडचा काठ बघ. त्यांनी त्या सगळ्या गिळल्या. "नाही बोलणार," ते म्हणाले.

डॉक्टर आणि मेहुणा पुलावरून पलीकडे गेले, गाडी काठावर आली की धरायला. कप्तान एका दगडावर पाय लांब करून बसला आणि वस्ताद त्याच्या शेजारी. काकूंनी स्वतःची गाडी सुरू केली.

वस्तादांनी डोळे मिटून घेतले. नाहीतरी उघडे ठेवून त्यांना एक ठिपका हलताना दिसला असता, तेवढंच. कानांनी मात्र सगळं दिसत होतं. इंजिनाचा आवाज काठावर कोरडा होता. पाण्यात शिरताच तो जड झाला. रेस एका पातळीवर धरलेली, ना कमी ना जास्त. एका दगडावर चाक उसळलं, आवाज क्षणभर चिरकला, परत बसला. मग आवाज एकदम मोकळा झाला आणि पलीकडून मेहुण्याची शिट्टी आली.

"गेल्या," कप्तान म्हणाला.

काकू पुलावरून परत आल्या. डॉक्टरांची गाडी नेली. परत आल्या. मेहुण्याची नेली. या वेळी मध्यावर गाडी जरा सरकली, प्रवाहाने मागचं चाक ढकललं. तरीही त्यांनी ती सांभाळून काठाला लावली. परत आल्या तेव्हा त्या चालत नव्हत्या, पाय ओढत होत्या.

"बास आता," कप्तान म्हणाला. "माझी राहू द्या, काकू. मला कोणाच्या तरी मागे बसूनच जायचंय. उद्या बघू तिचं काय होतं ते."

वरून पुन्हा एक दगड आला आणि कप्तानच्या गाडीपासून हातभर अंतरावर आपटला. कप्तानने मान फिरवली. ती गाडी भाड्याची नव्हती, त्याची स्वतःची होती. तिच्यावरच त्याचं पोट होतं आणि पेट्रोलच्या टाकीवर त्याने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने चामड्याचं आवरण शिवलं होतं. काकूंनी पहिल्याच दिवशी त्या शिवणीची चौकशी केली होती.

"तीन नेल्या," काकू म्हणाल्या. "चौथी काय सावत्र आहे?"

"उंच आहे ती, तुमचे पाय जमिनीला टेकणार नाहीत. आणि पाणी वाढलंय."

"पाण्यात कुठे जमीन आहे टेकायला?" असं म्हणून काकूंनी एका दगडावर चढून त्या उंच गाडीवर टांग टाकली.

वस्ताद उभे राहिले. बोलू नको म्हटलं होतं ते पाण्यात असताना, अजून ती पाण्यात नव्हती. म्हणजे बोलायची मुभा होती. त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांना स्वतःशीच कबूल करावं लागलं की सांगायला त्यांच्यापाशी नवं काहीच नाही. जे जे त्यांना ठाऊक होतं ते तिने तीन वेळा करून दाखवलं होतं.

"ने," ते म्हणाले.

या गाडीचा आवाज वेगळा होता, खालचा, घुमणारा. पाण्यात शिरल्यावर तो आणखी खाली गेला. कप्तानने चेहरा हातांत लपवला. "काका, मला बघवत नाही."

"नको बघूस. मी ऐकतोय."

पाण्याच्या गोंगाटातून वस्ताद तो एकच आवाज वेगळा काढून त्याच्या मागोमाग चालले होते. वरची बाजू. आता तिरकी. आता चाक चढलं. आणि तिथेच, ओढ्याच्या बरोबर मध्यावर, इंजिन दोनदा धडपडलं आणि बंद पडलं.

उरला फक्त पाण्याचा आवाज.

बस बंद पडली तर हात स्टार्टरकडे जातो, ही वस्तादांच्या हाडातली सवय. नवशिका तर स्टार्टर दाबतच सुटतो आणि बॅटरी बसवून टाकतो. दाबू नको, त्यांना ओरडायचं होतं. सायलेन्सर बुडालाय, आत पाणी शिरेल, आधी रेस पिळ, मगच स्टार्टर, आणि मग रेस सोडूच नको! शब्द दातांपर्यंत आले. त्यांनी हातमोजा तोंडात कोंबला आणि चावला. कप्तानने बोटांच्या फटीतून ते पाहिलं.

पलीकडून डॉक्टर काहीतरी ओरडत होते, ते पाण्यात विरून जात होतं.

काकूंनी स्टार्टर दाबला नाही. त्या गाडीला मांड्यांनी धरून, डावा पाय एका बुडालेल्या दगडावर टेकवून नुसत्या उभ्या राहिल्या. प्रवाह गाडीला रेटत होता. मग दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. त्यांनी गाडी हातभर मागे घेतली होती, दगडात अडकलेलं पुढचं चाक सोडवायला. पुन्हा काही क्षण काहीच नाही. मग स्टार्टर. एकदाच, थोडासा. आतून गुळणी केल्यासारखा आवाज आला. थांबला. वस्तादांनी मोजा आणखी घट्ट चावला. पुन्हा स्टार्टर, आणि या वेळी तो दाबण्याआधीच रेस पूर्ण पिळलेली. इंजिन खोकलं, एकदा, दोनदा, आणि मग अशी डरकाळी फोडली की वरच्या कड्यावरून तिचा प्रतिध्वनी परत आला.

रेस खाली आली नाही. ती तशीच, चढीच, अर्ध्या क्लचवर, पाणी कापत, एका उसळीवरून दुसऱ्या उसळीवर, आणि मग आवाज कोरडा, मोकळा, उघडा झाला.

मेहुण्याला या वेळी शिट्टी वाजवता आली नाही. तो ओरडत होता. डॉक्टर काठावरच्या गवतात मटकन बसले होते.

कप्तान रडत होता की हसत होता ते वस्तादांना दिसत नव्हतं. त्यांनी तोंडातून मोजा काढला. त्याचा अंगठा फाटला होता.

"चल," ते कप्तानला म्हणाले. "माझ्या खांद्यावर हात टाक. मला पूल दिसत नाही, तुला चालता येत नाही. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट ऐकली आहेस ना?"

"ऐकलीय, काका."

"मग सांग, डावीकडे की उजवीकडे?"

"सरळच आहे, काका."

झुलत्या पुलावरून ते दोघे एकमेकांना सांभाळत गेले तेव्हा काकू पलीकडे झोपडीच्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि एका बुटातलं पाणी ओतून काढत होत्या. त्यांची बोटं इतकी गारठली होती की दुसऱ्या बुटाची नाडी त्यांना सुटत नव्हती. वस्ताद खाली बसले आणि चाचपून ती नाडी सोडू लागले.

"मी एक शब्द बोललो नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"सायलेन्सर. पाणी गुडगुडत होतं त्यात. तुम्ही खिडकीत बसून लोकांच्या गाड्यांचे आजार सांगायचात ना, तेव्हा मी मशीन थांबवून ऐकायचे. तुमच्या लक्षात नाही आलं कधी. आज तुम्ही ओरडला असतात तर ते ऐकू आलं नसतं."

वस्ताद नाडीशी झटत राहिले. मग म्हणाले, "चौथी मी नसती नेली."

"हं?"

"खरं सांगतोय. डोळे शाबूत असते, हातपाय तिशीतले असते, तरी नसती नेली. तीन नेल्या, बास झालं, असं म्हणून बसलो असतो. आणि पाण्यात बंद पडली असती तर मी स्टार्टर दाबत सुटलो असतो. तुला शिकवलं ते सगळं मला ठाऊक आहे, पण ठाऊक असणं वेगळं." ते नाडी तशीच धरून बसले. "वस्ताद तू आहेस. मला उगाच म्हणत होते."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आधी नाडी सोडा," त्या म्हणाल्या. पण त्यांनी आपला गार हात त्यांच्या मानेवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

कप्तानची गाडी झोपडीच्या आडोशाला ठेवली. मेंढपाळाने खुणेने सांगितलं की तो लक्ष ठेवेल. कप्तान डॉक्टरांच्या मागे बसला. आणि तासाभराने, उजेड असतानाच, तीन गाड्या गावात शिरल्या.

गावात एकच खाणावळ होती. आत मोठी शेगडी पेटलेली आणि भोवती मालाच्या ट्रकांचे ड्रायव्हर बसलेले, जाड कोट, काळवंडलेले हात. कप्तानचा पाय बांधून त्याला आतल्या खोलीत झोपवलं होतं, त्यामुळे भाषांतर करणारं कोणी नव्हतं. डॉक्टर आणि मेहुणा, त्या दिवसात पहिल्यांदाच न भांडता, शेजारी शेजारी बसून सूप पीत होते.

ड्रायव्हर म्हणजे ड्रायव्हर, हे वस्तादांना बसण्याच्या ढंगावरूनच कळलं. एकाने काकूंच्या ओल्या कपड्यांकडे बोट केलं आणि प्रश्नाच्या सुरात काहीतरी विचारलं. काय झालं?

वस्ताद खुर्ची सरकवून उठले. ड्रायव्हरांच्या भाषेतला एक शब्दही त्यांना येत नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं, उजवी मूठ पिळली आणि तोंडाने इंजिन सुरू केलं. खोलीत पहिल्या गिअरचा आवाज आला. मग दोन्ही हात हलवून त्यांनी पाणी केलं, मांडीवर हात ठेवून खोली दाखवली. एक बोट. पलीकडे. दोन बोटं. पलीकडे. तीन. ड्रायव्हर हसायला लागले, खुर्च्या जवळ ओढू लागले. मग वस्तादांनी चौथं बोट वर केलं आणि आवाज खालचा, घुमणारा केला. मोठी गाडी, सगळ्यांना समजलं. मध्यावर आले आणि आवाज बंद केला.

शेगडीतलं लाकूड तडकलं तेवढंच.

वस्तादांनी थांबवून धरलं. पुरेपूर थांबवलं. मग बोटाने स्टार्टर दाबला, गुळणी, थांबले, पुन्हा, खोकला, आणि मग त्यांनी छाती भरून अशी डरकाळी फोडली की भटारखान्यातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. एका ड्रायव्हरने टेबलावर मूठ आपटली. सगळे एकदम बोलायला लागले. वस्तादांना वाटलं, या लोकांना वाटतंय की हे सगळं मीच केलं. त्यांनी जोरात मान हलवली आणि काकूंकडे बोट दाखवलं. "ही! हिने!"

क्षणभर कोणाचा विश्वास बसला नाही. मग त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर ड्रायव्हर उठला, शेगडीच्या अगदी जवळची आपली खुर्ची उचलून त्याने काकूंपाशी आणून ठेवली आणि वाकून त्यांचा हात हातात घेतला. मग त्याने वस्तादांच्या छातीवर बोट टेकवून खुणेने विचारलं, आणि तुम्ही?

वस्ताद ताठ उभे राहिले. बसच्या पुढच्या सीटवर बसूनही ते कधी एवढे ताठ बसले नसतील.

"मी?" ते मराठीतच म्हणाले. "मी हिचा नवरा. मागे बसतो."

ते त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांना अजून बरंच सांगायचं होतं. खिंडीतला वारा राहिला होता, दगड राहिले होते, डेपोमागचं मैदान तर अजून सुरूच झालं नव्हतं. त्यांनी पुन्हा हँडल धरलं.

"अहो," नव्या खुर्चीवर पाय शेकत बसलेल्या काकू म्हणाल्या, "सांगून झालं असेल तर दोन घास खाऊन घ्या. गार होतंय सगळं."